मी पडलेच नाही

आमच्या ठाण्यातल्या नौपाड्यात माणूस रस्त्यात पडलं की त्याला आधी उचलत नाहीत. आधी विचारतात, "अहो, कशा काय पडलात?" मी सकाळी अकरा वाजता भर बाजारात पडले तेव्हा हा प्रश्न मला पाच जणांनी विचारला. फुटपाथचा पेव्हर ब्लॉक उखडला होता, त्यात माझ्या चपलेचं टोक अडकलं आणि मी कोथिंबिरीच्या जुडीसकट पालथी झाले, हे सगळ्यांना ढळढळीत दिसत होतं. तरी कशी काय? मी काय सांगणार होते, सहा महिने तालीम केली आणि मग पडले? एका गृहस्थांनी "या वयात एकटं बाहेर पडू नये" असं मला ऐकवलं. ते माझ्याहून चांगले पाच-सात वर्षांनी मोठे होते आणि एकटेच बाहेर पडले होते. एका बाईंनी माझी कोथिंबीर गोळा केली आणि हातात देता देता "केवढ्याला मिळाली?" हेही विचारून घेतलं. शेवटी मला उचललं ते एका रिक्षावाल्याने. तो काहीच बोलला नाही, सरळ दवाखान्यात घेऊन गेला.

उजवं मनगट मोडलं होतं. डॉक्टरांनी प्लास्टर घातलं आणि माझ्याकडे न बघता माझ्या मुलाला सांगितलं, "आता यांना एकटं ठेवू नका." मी बत्तीस वर्षं शाळेत शिकवलं, त्यातली शेवटची सहा मुख्याध्यापिका होते. नवरा गेल्यावर नऊ वर्षं एकटी राहिले. एवढं सगळं करून शेवटी मी 'यांना' झाले, तेसुद्धा माझ्यासमोर.

मुलगा डोंबिवलीला राहतो. नोकरी वागळे इस्टेटमध्ये. म्हणजे दिवसा तो माझ्यापासून रिक्षाने पंधरा मिनिटांवर असतो. तीन हात नाक्याला कोणी लग्नाची वरात काढली नसेल, तर. त्याने मला उचलून डोंबिवलीला नेलं. चौदाव्या मजल्यावर तीन खोल्यांचं नवंकोरं घर. मी जायच्या आदल्या दिवशी त्याने माणूस बोलावून बाथरूमच्या भिंतींना स्टीलचे दांडे ठोकून घेतले होते. जिकडे पाय टाकावा तिकडे न सरकणारी रबरी चटई. रात्री पाय खाली ठेवला की आपोआप पेटणारा दिवा. तो दिवा पेटला की सून तिच्या खोलीतून हाक मारायची, "आई, काय झालं?" आता एवढ्या उजेडात काय होणार होतं?

सून चांगली आहे. हे मुद्दाम लिहिते, कारण सासूने लिहायला घेतलं की वाचणारे सुनेची वाट बघत बसतात. ती खरोखरच चांगली आहे, हीच तर अडचण होती. मी खुर्चीतून उठायला लागले की "आई, बसा, मी आणते." मी स्वयंपाकघराच्या दाराशी गेले की "आई, हळू." मी ताट उचललं की "अहो आई, राहू द्या ना, तुम्ही कशाला?" चाळीस दिवस मी बसून होते. नुसती बसून. चहा हवा असला तर घरात चहाचं काही चाललंय का, याचा अंदाज घ्यायचा आणि नसलं तर गप्प राहायचं. माझ्या घरी मला पहाटे चारला चहा प्यावासा वाटला तर मी चारला पिते, आणि भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा मला कारण विचारत नाही.

प्लास्टर निघालं आणि मी नौपाड्याला परत जायचा हट्ट धरला. आमची इमारत जुनी, मी दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. गेली बारा वर्षं इमारत रीडेव्हलपमेंटला जाणार आहे आणि त्या मीटिंगांना जाऊन जाऊन दोघंजण वर गेले. चौतीस पायऱ्या. त्या मी रोज दोनदा चढायची. त्या दिवशी पहिल्या वळणावर मला बसावं लागलं. मग पुन्हा पहिल्या मजल्यावर. पायांना काही म्हणजे काही झालेलं नव्हतं. मोडलं होतं मनगट, ते बरं झालं आणि चाळीस दिवसांच्या सेवेने पाय गेले. पण हे बोलायची सोय नव्हती.

मुलाने बॅग वर आणली, घाम पुसला आणि पायरीवर माझ्याशेजारी बसला. म्हणाला, "आई, एक ऐक. आता एकदा जरी पडलीस ना, की मी काही ऐकून घेणार नाही. हे घर बंद. तू डोंबिवलीला, कायमची. प्रॉमिस कर."

मी म्हटलं, "बरं."

"आणि मी रोज एक वाजता फोन करणार. लंच ब्रेकमध्ये. सहा रिंग होईपर्यंत उचलला नाहीस, तर मी ऑफिसातून निघालोच म्हणून समज. माझ्याकडे किल्ली आहे."

मी परत "बरं" म्हटलं. त्या क्षणी मी त्याला काहीही कबूल केलं असतं. मला ते घर सोडायचं नव्हतं. त्या घरात काही सोनंनाणं पुरलेलं नाही. दोन खोल्या, एक दिवाण, पुस्तकं, आणि खाली उतरलं की वाचनालय, भाजीवाली आणि संध्याकाळी आमच्या चौघींचा कट्टा. डोंबिवलीच्या घरात माझ्यावर जीव टाकणारी माणसं होती आणि मला करण्यासारखं एकही काम नव्हतं. तिथे कायमची गेले तर मी वर्षभरात आटोपेन, असं मला वाटत होतं. अजूनही वाटतं.

तेव्हा न पडणं हा माझा एककलमी कार्यक्रम झाला. मुलाने काठी आणून दिली, चार पायांची, उंची कमीजास्त करता येणारी. ती मी दाराआड ठेवली आणि नवऱ्याची लांब काळी छत्री बाहेर काढली. आमच्याकडे काठी घेऊन जिना उतरणं म्हणजे नोटीस बोर्डावर लावण्यासारखं. दुसऱ्या दिवसापासून तळमजल्यावरच्या वहिनी "आता कसं आहे हो?" म्हणून मान तिरकी करतात. छत्रीला कोणी काही म्हणत नाही. पावसाळ्यात पाऊस, उन्हाळ्यात ऊन, आणि जानेवारीत कोणी विचारलंच तर "काय हो, हल्ली कधी आभाळ येईल काही सांगता येतं का?" असं म्हणायचं. छत्रीच्या टोकाला लोखंडी टोपण असतं, ते गुळगुळीत फरशीवर सर्रकन सरकतं आणि ती धरून चालणं हे काहीच न धरण्यापेक्षा वाईट, हे मला पहिल्या आठवड्यात कळलं होतं. तरी मी सात महिने छत्री वापरली. सुशिक्षित माणसाने मूर्खपणा करायचा ठरवला की तो तडीस नेतोच.

छत्रीचं बिंग फोडलं फिजिओथेरपीच्या मुलीने. पाच महिने झाले तरी मनगट धड वळेना, म्हणून व्यायामासाठी मी जवळच्याच क्लिनिकमध्ये जायला लागले. ही मुलगी माझ्या कपाटातल्या निम्म्या साड्यांहून वयाने लहान. मला पहिल्या दिवशी "आजी" म्हणाली. मी म्हटलं, "काकू म्हण. आजी मी एकीचीच आहे." तिने छत्रीकडे पाहिलं, बाहेरच्या रणरणत्या उन्हाकडे पाहिलं आणि म्हणाली, "काकू, जरा चालून दाखवता? छत्रीशिवाय."

मग तिने माझी परीक्षाच घेतली. एका पावलाची टाच दुसऱ्या पावलाच्या बोटांना लावत सरळ रेषेत चाला. मी दोन पावलांत भिंतीकडे झुकले. हात न टेकता खुर्चीतून पाच वेळा उठा. तिसऱ्या वेळी हात आपोआप खाली गेले. एका पायावर उभ्या राहा. चार सेकंद. मी स्वतः भिंतीवरच्या घड्याळात मोजले. शाळेत ज्या पोरांना मी एका पायावर उभं करत होते ती तास तास उभी राहायची आणि वर मागच्या मागे चिंचोके खायची. त्यांनी मला त्या दिवशी पाहिलं असतं तर त्यांचे पैसे वसूल झाले असते.

"काकू, तुमचे पाय चांगले आहेत. वापरात नाहीत, एवढंच," ती म्हणाली. एवढं सरळ वाक्य माझ्याशी वर्षभरात कोणी बोललं नव्हतं. मला ती तेव्हापासून आवडायला लागली, अर्थात चेहऱ्यावर मी ते दिसू दिलं नाही. तिने रोजचे व्यायाम दिले. ओट्याला धरून टाचा उचलायच्या, दाराच्या चौकटीत एका पायावर उभं राहायचं, पायऱ्या टाळायच्या नाहीत. शिवाय नियम सांगितले. बिछान्यातून उठल्यावर लगेच चालू लागायचं नाही. गर्रकन वळायचं नाही. घरात पट्ट्याच्या, तळ न घसरणाऱ्या चपला घालायच्या. फोन वाजला म्हणून धावायचं नाही. आणि घरातली सगळी पायपुसणी काढून टाकायची.

"पायपुसणी?" मी म्हटलं. "माझ्या जुन्या साड्यांची आहेत ती. मी स्वतः शिवलीत."

"तर मग ती घडी करून कपाटात ठेवा," ती म्हणाली.

मी ठेवली नाहीत. पायपुसण्याशिवाय स्वयंपाकघराचं दार मला उघडंबोडकं वाटतं. बाकी व्यायाम मी इमानेइतबारे केले. दोन महिन्यांनी मी एका पायावर वीस सेकंद उभी राहायला लागले, छत्री तिच्या जागी गेली आणि दाराआडची काठी बाहेर आली. तळमजल्यावरच्या वहिनींनी मान तिरकी केली, मी त्यांच्याकडे बघून हसले, विषय संपला. सात महिने ज्याला भीत होते ते साडेतीन सेकंदांत उरकलं. मग एके दिवशी ती मुलगी गादी जमिनीवर टाकून म्हणाली, "काकू, आज पडल्यावर उठायचं कसं ते शिकू."

माझं टाळकंच फिरलं. "मी पडणार नाहीये," मी म्हटलं. "पडू नये म्हणून तर तुझ्याकडे येते. आणि साडी नेसून मी इथे लोळून दाखवणार नाही."

"बरं, पुढच्या वेळी," ती म्हणाली. पुढच्या वेळी मी गेलेच नाही. मनगट बरं झालं होतं, पाय बरे होते, मी पासच झाले होते की.

मे महिना होता. मी जेवण उरकून, गॅस बंद करून ओटा पुसत होते. एक वाजला आणि हॉलमध्ये टीपॉयवर चार्जिंगला लावलेला फोन वाजायला लागला. सहा रिंग. दोन झाल्या तेव्हा हात ओलेच होते. तिसऱ्या रिंगला मी गर्रकन वळले, चौथ्या रिंगला धावले, आणि दारातल्या पायपुसण्याने मला पुढे भिरकावून दिलं. मी सुरक्षित आहे ना, हे विचारायला आलेल्या फोनपायी मी पडले. एका वाक्यात तीन नियम मोडले. शाळेत असते तर मला मीच वर्गाबाहेर काढलं असतं.

मी टीपॉयच्या शेजारी कुशीवर पडले होते. डाव्या खुब्यातून कळ अशी गेली की डोळ्यांत पाणी आलं. पण मला आठवतंय, पहिला विचार हाडाचा नव्हता. पहिला विचार हा, की पाचवी रिंग झाली. चार्जरची वायर टीपॉयवरून लोंबत होती. मी ती धरून ओढली, फोन खांद्यावर आदळला आणि सहावी रिंग संपता संपता मी उचलला.

"काय गं, उशीर?" मुलगा.

"हात ओले होते," मी म्हटलं. वर्गात पोरं दंगा करत असताना इन्स्पेक्टर दारात आल्यावर जो आवाज लावायचा, तो लावला.

आमचा फोन एक मिनिटाचा असतो. जेवलीस? जेवले. गोळी घेतलीस? घेतली. ठेवतो. त्या दिवशी तो "ठेवतो" म्हणाला आणि मी घाबरले. त्याने फोन ठेवला की त्या लादीवर मी एकटी उरणार होते. उठता येईल का माहीत नव्हतं. हाड मोडलंय का माहीत नव्हतं. खरं सांगितलं असतं तर तो पंधरा मिनिटांत आला असता आणि मला उचलून न्यायलाच आला असता. खरं सांगायचं नव्हतं आणि फोनही सोडवत नव्हता. मला रडायला येत होतं, म्हणून मी बोलायला लागले.

काय वाटेल ते बोलले. पडल्या पडल्या मला टीपॉयची खालची बाजू दिसत होती. तिथे शाळेतल्या पेनाने, वेड्यावाकड्या अक्षरात अकरा नावं लिहिलेली होती. "अरे, तू टीपॉयच्या खाली क्रिकेटची टीम लिहून ठेवली होतीस?" मी विचारलं. तो आधी गडबडला आणि मग असा हसला की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. म्हणाला, "आई, ती माझी सिक्रेट टीम होती. बाबांना दिसू नये म्हणून खाली लिहिलेली." मग त्याने सांगितलं की बारावे म्हणून मनातल्या मनात बाबांनाच ठेवलं होतं, पाणी आणायला. मग त्याचे बाबा, त्यांचा राग, राग गेल्यावर गपचूप खोपटच्या एसटी डेपोसमोरून वडे आणायची त्यांची पद्धत. मग तो चौथीत असताना शाळेतून एकटा चालत आला होता आणि मी त्याला आधी धपाटा आणि मग दूध दिलं होतं, ते. त्याने मला ऑफिसातलं काय काय सांगितलं, जे तो कधीच सांगत नाही. साहेबांशी पटत नाही. पाठ दुखते. मुलगी आता खोलीचं दार लावून घेते. मी "हो का रे?" "मग?" "बरं केलंस" म्हणत राहिले. पस्तीस मिनिटं. शेवटी त्याला कोणीतरी मीटिंगला बोलावलं.

तिथून पुढचे पावणेदोन तास मी सविस्तर लिहिणार नाही. प्लास्टिकची खुर्ची धरून उठायला गेले तर खुर्चीच माझ्यामागे चालायला लागली. दिवाण गुडघ्याएवढा उंच आणि मनगटात अजून तेवढा जोर नाही. बसल्या बसल्या सरकत मी दिवाणापाशी गेले. दिवाणाखाली सुतळीने बांधलेले दिवाळी अंकांचे गठ्ठे आहेत, तीस-पस्तीस वर्षांचे. रद्दीवाल्याला द्या म्हणून सगळ्यांनी सांगून झालंय. मी एक गठ्ठा ओढला, त्याच्याशेजारी दोन गठ्ठे एकावर एक ठेवले, आणि पायऱ्या केल्या. आधी एका गठ्ठ्यावर बूड टेकलं. दहा मिनिटं दम खाल्ला. मग दोन गठ्ठ्यांवर. मग दिवाणावर. मराठी साहित्याने मला हात दिला तो असा एकदाच, पण भक्कम दिला.

सव्वातीनला मी दिवाणावर आडवी झाले आणि हमसून हमसून रडले. हाड मोडलं नव्हतं, फक्त खुबा काळानिळा झाला होता. पायपुसणं मी त्याच संध्याकाळी घडी करून कपाटात टाकलं. मुलाला काही सांगितलं नाही. सुनेला नाही. कट्ट्यावर नाही. तिसऱ्या दिवशी लंगडत क्लिनिकमध्ये गेले आणि म्हटलं, "उठायचं शिकव."

"पडलात?" त्या मुलीने विचारलं.

"नाही."

"बरं," ती म्हणाली आणि गादी टाकली.

आधी कुशीवर वळायचं. मग कोपरावर. मग दोन्ही हात आणि गुडघे, तान्ह्या पोरासारखं. तसंच रांगत भक्कम खुर्चीपर्यंत जायचं. कोपरं खुर्चीवर. एक पाऊल पुढे, जमिनीवर पूर्ण टेकवून. मग जोर लावून वर, आणि वळून बसायचं. लिहायला सहा ओळीही लागत नाहीत. मला जमायला तीन आठवडे लागले. पुढे मी रोज दुपारी दार लावून घरी हॉलमध्ये स्वतःहून आडवी व्हायची आणि उठायची, तीन-तीन वेळा. लाज मला वाटत होती, पण कोणाची ते काही सांगता आलं नसतं. घरात कोणी नव्हतंच.

भाद्रपदात डोंबिवलीला दीड दिवसाचा गणपती असतो. मी आदल्या दिवशीच गेले. संध्याकाळच्या आरतीला पाहुणे, शेजारी मिळून पंचवीसेक माणसं हॉलमध्ये. आता मला त्या फिजिओच्या मुलीने बाथरूम विचारलं होतं, जिना विचारला होता, चष्मा आणि गोळ्या विचारल्या होत्या. पण आरती संपता संपता आपण सगळे डोळे मिटून, टाळ्या वाजवत, जागच्या जागी स्वतःभोवती गिरकी घेतो, हे ना तिने विचारलं, ना मला सांगायचं सुचलं. गर्रकन वळायचं नाही हा नियम मला पाठ होता. पण तो काय देवासमोर लागू असतो का? मी चार वर्षांची असल्यापासून ही गिरकी घेतेय. सगळे वळले, मीही वळले, डोळे मिटून, आणि बाकीच्यांच्या वेगाने, कारण मागे पडणं माझ्या स्वभावात नाही. हॉल माझ्याभोवती फिरला आणि मी धप्पकन खाली बसले. न सरकणाऱ्या चटईवर.

मग जे व्हायचं ते झालं. "अगं बाई, आई पडल्या!" "पाणी आणा." "पाणी नको, साखर द्या." "पाय वर करा." "छे, डोकं खाली घ्या." जिच्या पायावर मी पडले होते तीच विचारत होती, "पडल्या का?" दोघांनी माझ्या काखेत हात घातले. मुलगा समोरून धावत येत होता आणि त्याचा चेहरा मला दिसला. त्यात नौपाड्याच्या घराला कुलूप लागलेलं मला स्पष्ट दिसलं.

"कोणी हात लावायचा नाही!" मी ओरडले. शाळेच्या मैदानावरचा आवाज. सगळे जागच्या जागी थिजले. काखेतले हात निघाले.

आधी मी नुसती बसून राहिले, डोकं थांबेपर्यंत. मग कुशीवर वळले. कोपर टेकलं. हात आणि गुडघे. जरीची साडी गुडघ्याखाली अडकत होती, ती एका हाताने खोचली. चार फुटांवर सोफा होता. पंचवीस माणसांच्या आणि गणपतीच्या समोर मी, माजी मुख्याध्यापिका, रांगत सोफ्याकडे गेले. सुनेच्या हातात आरतीचं तबक तसंच होतं. एका भाच्याच्या हातात फोन होता, तो आरतीचा व्हिडिओ काढत होता. तो बंद करायचं त्या शहाण्याला सुचलं नाही, आणि सगळा कार्यक्रम आता नातेवाइकांच्या ग्रुपवर आहे. कोपरं सोफ्यावर. पाऊल पुढे. जोर लावून उठले, वळले, बसले. पदर सारखा केला आणि म्हटलं, "आता प्रसाद वाटा."

पाहुणे गेल्यावर मुलगा बाल्कनीत माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. मी मनात वाद घालायची तयारी करून ठेवली होती. ही पडल्याची जागा नौपाडा नाही, तुझं घर आहे. दांडे आहेत, चटया आहेत, दिवे आहेत, तरी पडलेच ना? चांगलं बिनतोड होतं. पण तो म्हणाला, "आई, हे तू पहिल्यांदा नाही केलंस. इतकं सफाईने पहिल्यांदा कोणाला जमत नाही."

मी सरळ सांगू शकले असते की क्लासमध्ये शिकवतात. खोटंही नव्हतं.

"मे महिन्यात," मी म्हटलं. "घरी. तुझा फोन घ्यायला धावले आणि पडले. उठायला सव्वातीन वाजले."

"पण फोन तर तू उचललास."

"जमिनीवरून उचलला."

त्याने हिशेब लावला असावा. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "टीमबद्दल विचारलंस तो दिवस?"

"हो."

समोरच्या इमारतींमध्येही आरत्या चालल्या होत्या, टाळ्या ऐकू येत होत्या. त्याने बाल्कनीचा दांडा दोन्ही हातांनी धरला होता. तो रागावला असता तर मी निभावून नेलं असतं, त्याची मला सवय आहे. तो रागावला नाही. म्हणाला, "त्या दिवशी घरी येऊन मी हिला सांगितलं होतं. म्हटलं, आज आई माझ्याशी किती वेळ बोलली."

त्याने डोळे पुसले, मीही पुसले. मग तो म्हणाला, "उद्या विसर्जन झालं की परवा सोडतो तुला नौपाड्याला. घर बंदबिंद काही करायचं नाही." आणि आत गेला. मला हवं होतं ते सगळं मला मिळालं होतं, आणि तिथे उभ्या उभ्या मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

नौपाड्याला परतल्याच्या दुसऱ्या दिवशी एक वाजता फोन वाजला. मी धावले नाही. आठव्या रिंगला उचलला.

"जेवलीस?"

"जेवले."

"गोळी घेतलीस?"

"घेतली."

तो "ठेवतो" म्हणाला नाही. मीही "ठेव" म्हटलं नाही. मी खुर्चीत नीट बसले होते, दोन्ही पाय जमिनीला टेकलेले, कुठे काही दुखत नव्हतं, आणि माझ्या मुलाशी काय बोलावं ते मला सुचत नव्हतं.